चालायला जागा

६ जानेवारी २०२५, सोमवार

एकतीस वर्षं मी अंगणवाडीत दुसऱ्यांची वजनं केली. आज पहिल्यांदा स्वतः तिथल्या काट्यावर चढले. ८१ किलो ४०० ग्रॅम.

काटा बिघडला असणार म्हणून त्यावर पोषण आहाराचं पाच किलोचं पाकीट ठेवलं. पाच दाखवलं. दुसरं ठेवलं. दहा. मग मी परत चढले, या वेळी चष्मा काढून. तेवढंच.

हे सगळं डॉक्टर ऋचामुळे. ही मुलगी कोथरूडहून आली आहे, कुठल्याशा संशोधन संस्थेकडून. शहरात नव्याने आलेल्या गावांमधली मोठी माणसं जाड का होतात, त्यात घराचा आणि आजूबाजूच्या जागेचा किती हात आहे, याचा ती अभ्यास करते. आमची जांभूळवस्ती हडपसरच्या पलीकडे. महापालिकेच्या हद्दीत येऊन तीन वर्षं झाली. मला इथलं घर न् घर माहीत, म्हणून पर्यवेक्षिका मॅडमनी मला तिच्याबरोबर दिलं. ती म्हणाली, "ताई, सुरुवात तुमच्यापासूनच करू."

आमच्या अंगणवाडीच्या तक्त्यात मूल घसरलं की लाल रंग. वर गेलेल्या माणसाला रंगच नाही. हे मी तिला सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, साखर काठावर आहे, गुडघे बोलायला लागलेत, आता रोज चाला. आणि वही ठेवा. काय खाल्लं, किती चालला, मनात काय आलं, सगळं खरं लिहायचं.

खरं लिहिते. आज चालणं शून्य. खाल्लं ते नेहमीचंच, दीड भाकरी आणि पिठलं. माझ्या मैत्रिणीने, शालनने, तिच्या वडापावच्या गाडीवरून एक वडा दिला, पण तो तिखट झालाय का ते बघायला, म्हणून तो धरत नाही.

८ जानेवारी, बुधवार

ऋचाकडे चाक लावलेली काठी आहे. ती ढकलत गेलं की अंतर कळतं. माझ्या उंबऱ्यापासून शालनच्या वडापावच्या गाडीपर्यंत चौदा मीटर. ताजी भाजी मिळते तिथपर्यंत दोन हजार सहाशे. पूर्वी भाजी परसात होती आणि वडा हडपसरला. आता उलट झालंय.

तिचा एक प्रश्न, "परिसरात फूटपाथ आहे का?" मी तिला गेनबा आण्णांच्या घराचा ओटा दाखवला. तोच आमच्याकडे गाड्यांपासून उंच आहे.

सात घरं झाली. सात चहा. पोहे दोनदा. गेनबा आण्णा म्हणजे आमचे जुने सरपंच. जमीन विकून चार मजली बंगला बांधला, आत लिफ्ट. आण्णा पहिल्या मजल्यावरून दुसऱ्यावर जेवायला लिफ्टने जातात. त्यांच्या सुनेने बेसनाचे लाडू आणले. एक खाल्ला, दुसरा खाल्ला, तिने तिसरा ठेवला. याच घरात माझ्या सासूबाईंना चहा वरून ओतून मिळायचा, कप लांब ठेवून. आज आण्णांची सून माझ्या ताटात हाताने लाडू ठेवते आहे. मी नाही कसं म्हणू? तिसरा खाल्ला.

ऋचाने एका घरी नाही म्हणून पाहिलं. आजी म्हणाली, "का गं बाय, आमच्या घरचं चालत न्हाई का?" त्यानंतर ऋचानेही खाल्लं. फॉर्मवर तिने काहीतरी बराच वेळ लिहिलं.

१३ जानेवारी, सोमवार

चालायला सुरुवात! संध्याकाळी पाच वाजता कॅनव्हासचे बूट घालून निघाले. फाट्यापर्यंत जायचं आणि परत.

दोनशे पावलांवर वस्तीतला सौरभ मोटारसायकल थांबवून उभा. "कुठं निघाला ताई? बसा, सोडतो."

"नको रे. चालतेय."

"चालताय? का? काय झालं?"

पुढे रिक्षा थांबली. मग दुधाचा टेम्पो. मग पाण्याचा टँकर, तो तर मागे घेत आला. प्रत्येकाला समजावून सांगायला लागलं. टँकरवाल्याला वाईट वाटलं. म्हणाला, तुम्ही माझ्या पोरीला डोस पाजलेत आणि मी तुम्हाला चालत सोडू? शेवटी बसले. परतीची रिक्षाही त्यानेच थांबवून दिली.

घरी आले तर हे दारात. हे म्हणजे धोंडिबा, माझे मिस्टर. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून दारात बसणं हीच ड्यूटी. म्हणाले, "पाच जण इचारून गेले. वहिनी घर सोडून चालल्यात का म्हणून."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"मी म्हनालो, पिशवी न्हाई नेली, म्हंजे येनार."

१६ जानेवारी, गुरुवार

लोक उठायच्या आत जावं म्हणून पहाटे पावणेसहाला निघाले. लोक नव्हते. कुत्री होती. जाताना मोजून नऊशे पावलं. येताना मोजली नाहीत. एक बूट गेला, तो उजाडल्यावर सापडला. गुडघ्यांनी पळताना काहीच तक्रार केली नाही हे मात्र ऋचाला सांगायला हवं.

हे गालात हसत होते. मी दिवसभर बोलले नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

फाट्याजवळच्या नव्या सोसायटीत जॉगिंग ट्रॅक आहे. लाल, मऊ, कडेने फुलझाडं. गेटवरच्या वॉचमनने विचारलं, "मेंबर आहात का?"

ती जागा म्हणजे आण्णांचं ज्वारीचं रान. लग्नानंतर चार वर्षं मी तिथं खुरपलं आहे. तेव्हा कुणी मेंबर आहात का विचारलं नव्हतं. तेव्हा दवाखान्यात माझं वजन त्रेचाळीस भरलं होतं.

२४ जानेवारी, शुक्रवार

आज जे झालं ते लिहावं की नाही कळत नाही. खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहिते.

सकाळी रस्त्याच्या कडेने चालले होते. मागून खडीचा डंपर आला, समोरून दुसरा. मी बाजूला सरकत सरकत एका उघड्या गेटमधून आत गेले. बघते तर स्मशानभूमी.

पण काय स्मशानभूमी! चौफेर ब्लॉक बसवलेला रस्ता, सपाट, एक खड्डा नाही. दोन्ही बाजूंना बदामाची झाडं. दिवे. नळ. सिमेंटची बाकं. गाडी नाही, टपरी नाही, बसा-सोडतो म्हणणारं कुणी नाही. आमच्या वस्तीत जिवंत माणसाला अशी जागा कुणी बांधून दिलेली नाही.

मी एक फेरी मारली. मग दुसरी मारली. रखवालदार अभय झाडांना पाणी घालत होता. पाइप टाकून धावत आला. "ताई, कुणाचं हाय?"

मला वाटलं चालण्याचं विचारतोय. म्हटलं, "कुणाचं नाही रे. माझंच."

तो दोन मिनिटं बाकावर बसून राहिला. मग मी नीट समजावलं.

सहा फेऱ्या झाल्या. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. बाबासाहेबांच्या वाटेने चालणाऱ्या घरात माझा जन्म झाला. तरी पाचव्या फेरीला मागे पान वाजलं तेव्हा जरा जोरात चालले. तो व्यायाम म्हणून चांगलाच.

२८ जानेवारी, मंगळवार

आज ऋचाने शालनची साखर तपासली. तीनशे बारा. शालन आधी हसली, मशीन माझ्यासारखंच गोड आहे म्हणाली. मग बोटातलं रक्त पुसत बसली. तिच्या आईचा पाय साखरेने गेला होता. मी तिच्याबरोबर सात महिने पट्ट्या बदलायला जायचे, तेव्हा आम्ही दोघी विशीत होतो.

ऋचा गेल्यावर शालन म्हणाली, "प्रेमे, तू कुठं जातीस गं पहाटंची?"

मी सांगितलं.

ती म्हणाली, "मसणात?" तळणीतले वडे उलटले. मग म्हणाली, "येते. तसंबी जायचंच हाय, रस्ता तरी माहीत होईल."

४ फेब्रुवारी, मंगळवार

आम्ही आता नऊ जणी. शालन मुठीत लिंबू धरून चालते. आण्णांची सून, लाडवांची, लपून येते आणि पदरात मीठ बांधते. एकीने पहिल्या दिवशी विळा आणला होता. अभयने तो गेटवर ठेवून घेतला, जाताना परत दिला.

रोज सहा फेऱ्या. गप्पा भरपूर होतात. सासवांबद्दल मोकळं बोलायला याहून शांत जागा नाही.

एक चांगली गोष्ट, वाटेवरची कुत्री नाहीशी झाली आहेत. कुणीतरी नेली असावीत. एकही अर्ज केला नव्हता, तरी काम झालं.

घरात मात्र कटकट. हे माझ्याशी नीट बोलत नाहीत. बायको स्मशानात फिरते म्हणून मित्र चिडवत असणार. पहाटे माझ्या आधी उठून निघून जातात, म्हणे दूध आणायला. दूध तर सातला घरपोच येतं! आणि बिस्किटांचे पुडे दोन दिवसांत संपतात. विचारलं तर म्हणाले, उंदीर. मला दिसतंय ना, स्वतःच खातात. माझ्याआधी यांचीच साखर वाढायची. भरीला एक पांढरा कुत्रा यांच्या मागे मागे दारापर्यंत येतो. उगाच लळा लावून ठेवलाय.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

महिन्याने वजन केलं. ८२ किलो १००.

सातशे ग्रॅम वाढलं. नऊपैकी सात जणींचं वाढलं. माझ्या समजुतीप्रमाणे चालण्याने वजन वाढतं. फेऱ्या संपल्यावर आम्ही शालनच्या गाडीवर जरा टेकतो, ती बिचारी पळत जाऊन तेल तापवते, पहिला घाणा आमचा. एक एक वडापाव आणि चहा. एवढं चालल्यावर भूक लागणारच. म्हणजे खाण्यात काही बदल नाही. ऋचाला विचारायला हवं.

१० फेब्रुवारी, सोमवार

ऋचाला विचारलं. तिने डोक्याला हात लावला. म्हणाली, एक वडापाव जिरवायला त्या स्मशानाला निदान पंचवीस फेऱ्या माराव्या लागतील.

शालनला कसं सांगायचं? तिचा धंदा आहे तो, आणि ती तो आम्हाला प्रेमाने खाऊ घालते. दिवसभर मनात घोळवलं. संध्याकाळी गेले तर ती म्हणाली, "तोंड का पडलंय? वडा खा." मला रडूच आलं. मग सगळं सांगितलं.

तिने झारा खाली ठेवला. म्हणाली, "म्हंजे मीच तुमास्नी मारतेय का गं?"

"तसं नाही गं."

"तसंच हाय." आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

शालन फेऱ्यांना आली. लिंबू नव्हतं. सहाव्या फेरीनंतर सगळ्यांना म्हणाली, "आजपासनं गाडी साडेआठला उघडनार. तवर तुमी घरी जाऊन भाकरी खावा." आण्णांच्या सुनेने तिचा हात धरला. मीठ सांडलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

गोंधळ झाला.

चौथी फेरी चालू होती आणि गेटमधून अंत्ययात्रा आत आली. भल्या सकाळी! आण्णांचे चुलतभाऊ, नव्वदीचे, रात्रीच गेले होते. आम्हाला बाहेर पडायला वाट नव्हती. म्हणून बदामाखाली रांगेत उभ्या राहिलो, डोक्यावर पदर, पायात बूट.

साताऱ्याहून आलेल्या पाहुण्यांना वाटलं आम्ही वस्तीतर्फे आलो. एक जण हात जोडून म्हणाले, "बाया मसणापर्यंत आल्या. दादांनी मानसं जोडली हो." शालनला खरंच हुंदका फुटला. तिच्यामागे सगळ्याच रडल्या. मीही. आम्ही त्या दादांना नीट ओळखतही नव्हतो. दहाव्याच्या जेवणाचं आग्रहाचं आमंत्रण मिळालं.

मग आण्णांनी वळून पाहिलं. नऊ जणींमध्ये स्वतःची सून.

१५ फेब्रुवारी, शनिवार

समाजमंदिरात बैठक. आण्णा स्मशानभूमी समितीचे अध्यक्ष. म्हणाले, "बायकांनी मसणात फेऱ्या मारायच्या? गावाची काय इज्जत ऱ्हायली?"

मी उभी राहिले. म्हटलं, "आण्णा, दुसरी जागा दाखवा. उद्यापासून तिथं चालतो."

"रस्ता हाय की."

तेवढ्यात बाहेरून डंपर गेला. खिडक्यांची तावदानं वाजायची थांबेपर्यंत सगळे गप्प बसले.

"मग मैदान..." आण्णा म्हणाले आणि थांबले. मैदानाचे प्लॉट पाडून कधीच विकले गेलेत. सगळे आपापल्या बोटांतल्या अंगठ्यांकडे बघायला लागले.

एक जण म्हणाला, अंधारात बायकांना कुत्री फाडतील, जबाबदार कोण? तेव्हा मागून हे एकदम बोलले, "पावणेसहाला त्या वाटेवर कुत्री नसत्यात. सगळी तवा पान्याच्या टाकीपाशी असत्यात."

"तुला काय माहीत रे धोंडिबा?"

हे खाली बसले. खरंच, यांना काय माहीत? झोपेतून उठून दुधाला जाणारा माणूस. ऐकीव असणार. पण माझ्या बाजूने बोलले, हे मला आवडलं. घरी येऊन गोड शिरा केला. म्हणजे यांच्यासाठी. मी दोनच चमचे.

निर्णय झाला तो आमच्या विरुद्धच. स्मशानभूमी बंद.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पाच दिवस चालणं नाही. घरात फेऱ्या मारून पाहिल्या. दिवाण ते मोरी अकरा पावलं. हे म्हणाले, चक्कर येतेय मला, बस खाली.

शालन बाहेरच येत नाही. आज गेले तर म्हणाली, "मी पायाला हात लावून बघते गं रोज. मुंग्या येत्यात का म्हणून." तिच्या पायाला मी हात लावून पाहिला. गरम होता, चांगला होता. पण ती घाबरलेली दिसली. शालनला मी कशालाच घाबरलेलं पाहिलेलं नाही, उकळत्या तेलालाही नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आण्णा लिफ्टमध्ये अडकले. वीज गेली, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये, एक तास वीस मिनिटं. दार फोडून काढलं तर समोर फक्त नऊ पायऱ्या चढायच्या होत्या. पाचव्या पायरीवर बसले. छातीत धडधडतंय म्हणाले. डॉक्टरांकडे नेलं. हृदय ठीक आहे, पण चालत नाहीत म्हणून असं होतं, असं निदान. हे मला त्यांच्या सुनेने सांगितलं. सांगताना ती हसत नव्हती, पण फार प्रयत्न करावा लागत होता.

वाईटच वाटलं. माणूस तसा मनाने बरा.

३ मार्च, सोमवार

आज ठरवलं, काय व्हायचं ते होऊ दे. पहाटे शालनच्या दाराची कडी वाजवली. ती बूट घालूनच बसली होती. बाकीच्या सात जणी वाटेत आल्या. कुणी बोलावलं नव्हतं.

स्मशानाच्या गेटवर नवा फलक. "येथे फक्त अंत्यविधीशी संबंधित कामासाठीच प्रवेश मिळेल. नोंद करणे बंधनकारक. हुकमावरून." खाली टेबल, टेबलावर कोरी वही, दोरीने बांधलेलं पेन. खुर्चीवर अभय. तो म्हणाला, "ताई, मला अडवायला सांगितलंय. पन नोंद केलीत तर मी कसा अडवनार? नियमच तसा हाय."

मी वही उघडली. रकाने तीन. नाव. वेळ. अंत्यविधीशी संबंध.

शालन माझ्या कानात म्हणाली, "काय लिवनार? खोटं नको लिहू गं, मसणाच्या दारात हाईस."

खोटं कशाला लिहीन? माझ्या घरच्या वहीत दोन महिने खरंच लिहिते आहे.

नाव: प्रेमला धोंडिबा. वेळ: ५.५०. तिसऱ्या रकान्यात लिहिलं, "माझा अंत्यविधी जितका लांबवता येईल तितका लांबवणे."

अभयने वाचलं. दोनदा वाचलं. म्हणाला, "संबंध तर हाय." गेट उघडलं. शालनने सही केली, मग एकेकीने. आत गेलो.

तिसऱ्या फेरीला गेटपाशी कुणीतरी उभं दिसलं. आण्णा. धोतर, स्वेटर, कानाला मफलर, आणि पायात नातवाचे पांढरे बूट. वही हातात धरून, लांब करून वाचत होते. आम्ही सगळ्या जिथल्या तिथं थांबलो. सून माझ्या मागे लपली.

आण्णांनी वही टेबलावर ठेवली. मग दोरीचं पेन ओढून खाली वाकले, काहीतरी लिहिलं, आणि आमच्याकडे न बघता उलट्या बाजूने चालायला लागले. हळूहळू, मधूनमधून बदामाचा आधार घेत.

जाताना मी वही पाहिली. शेवटच्या ओळीत त्यांचं नाव होतं, वेळ होती, आणि संबंधाच्या रकान्यात सरपंचकीच्या त्या ठसठशीत अक्षरात एकच शब्द: "वरीलप्रमाणे."